शोकशल्य आणि मैत्री : समलिंगी पुरुषाच्या वियोगदुःखाचा धम्मदृष्टीने विचार

भगवान बुद्धांनी सारनाथ येथे पंचवर्गीय भिक्खूंना पहिले प्रवचन दिले. त्यात दुःख आर्यसत्याचे विवरण करताना त्यांनी जन्म, जरा, व्याधी आणि मरण यांच्या जोडीने प्रियवियोगाचाही उल्लेख केला. हे 'प्रिय' म्हणजे कोण, याचे उत्तर महासतिपट्ठान सुत्तात आले आहे. जे आपले हित इच्छितात, आपले सुख व क्षेम इच्छितात, ते प्रिय होत. अशा हितेच्छूंमध्ये माता, पिता, भाऊ, बहीण यांच्यासह मित्र आणि सहकारी यांचीही तेथे गणना केली आहे. म्हणजे प्रियत्वाची कसोटी हितेच्छा ही आहे. रक्ताचे नाते किंवा विधिपूर्वक झालेला विवाह ही तिची अट नाही.

ही व्याख्या मान्य केल्यास एक प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो. आपल्या वस्तीत, नात्यात वा विहारात येणाऱ्या उपासकांत एखादा समलिंगी पुरुष असतो. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या वयात त्याचा अनेक वर्षांचा सहचर मृत्यू पावतो. त्याचा शोक आपण शोक म्हणून ओळखतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा विषय आपल्या नियतकालिकांतून फारसा चर्चिला गेलेला नाही. परंतु जेथे दुःख आहे तेथे धम्माचा संबंध आहेच.

शोकाला लागणारी मान्यता

मनुष्य मृत्यू पावल्यावर आपल्या समाजात काय घडते ते पाहू. निरोप जातात, गावाकडचे नातेवाईक येतात, वस्तीतील माणसे कामावर न जाता घरासमोर उभी राहतात. जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा दिवस ठरतो. कार्ड छापले जाते आणि त्याच्या तळाशी 'शोकाकुल' या शब्दाखाली नावांची रांग येते. त्या दिवशी भन्ते किंवा बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात, परित्राण पाठ होतो, आदरांजलीची भाषणे होतात. पत्नीच्या शेजारी बायका बसतात, मुलाच्या खांद्यावर वडीलधारी माणसे हात ठेवतात. या सर्वांचा अर्थ असा की समाज दुःखिताला सांगतो : तुझी हानी आम्ही पाहिली आहे. शोकाचा भार अशा रीतीने वाटला जातो.

समलिंगी सहचराच्या वाट्याला यातील काही येत नाही. ज्याच्याबरोबर त्याने वीस वर्षे एक चूल चालविली, ज्याला रुग्णालयात नेले, रात्री उठून औषध दिले, त्याच्या पुण्यानुमोदनाला तो शेवटच्या रांगेत बसतो. कार्डावर त्याचे नाव नसते. असलेच तर 'मित्रपरिवार' या शब्दात ते सामावलेले असते. भावाने व पुतण्याने केलेली भाषणे तो ऐकतो. कार्यालयात त्याला रजेचे कारण सांगता येत नाही. 'मित्र वारला' असे सांगितल्यास दोन दिवसांनी लोक विसरतात आणि महिन्याने तो अजून उदास का, याचे त्यांना आश्चर्य वाटते.

अमेरिकेतील शोकविषयक अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाला एक स्वतंत्र संज्ञा दिली. मराठीत तिला 'हक्क नाकारलेला शोक' असे म्हणता येईल. हानी झालेली असते, वेदना होत असते; परंतु ती उघडपणे व्यक्त करण्याचा आणि इतरांचा आधार मिळविण्याचा अधिकार समाजाने दिलेला नसतो. असा शोक लवकर निवत नाही. तो आत साठत जातो. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, कोणी मद्याकडे वळतो, तर कोणाला स्वतःचे जगणेच निरर्थक वाटू लागते.

मान्यता मिळालेला शोक कसा असतो, हे आपल्या इतिहासात आपण पाहिले आहे. २७ मे १९३५ रोजी माता रमाईंचे राजगृहात निधन झाले, तेव्हा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४४ वर्षांचे होते. त्यापूर्वी चार अपत्यांचा मृत्यू या दांपत्याने पाहिला होता. बाबासाहेब त्या दिवसांत अत्यंत व्याकूळ झाले होते. त्यांचे दुःख हे सर्व समाजाचे दुःख झाले आणि आजही २७ मे रोजी गावोगावी रमाईंचे स्मरण होते. एवढ्या मोठ्या पुरुषालाही वियोगाचा घाव सोसवला नाही, यात कोणी कमीपणा मानला नाही. मग ज्याच्या घावाला कोणी घाव म्हणतच नाही, त्याची अवस्था काय होत असेल याची कल्पना करता येते.

मृत्यूच्या दाखल्यावरील एक रिकामी जागा

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, तो नोंदीचाही आहे. अमेरिकेतील एका गाजलेल्या खटल्यावरून हे चांगले समजते. ओहायो राज्यातील सिनसिनाटी या शहरात जेम्स ओबर्गफेल आणि जॉन आर्थर हे दोन पुरुष वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहत होते. २०११ साली जॉन यांना चेतापेशी नष्ट करणारा असाध्य आजार जडला. हळूहळू हातपाय निकामी झाले. जेम्स यांनी त्यांची घरीच शुश्रूषा केली. ओहायोमध्ये समलिंगी विवाहास मान्यता नव्हती. म्हणून मित्र व नातेवाइकांनी पैसे गोळा केले आणि वैद्यकीय सोय असलेल्या लहान विमानातून या दोघांना मेरिलँड राज्यात नेले. ११ जुलै २०१३ रोजी विमानतळावर उभ्या असलेल्या त्या विमानातच त्यांचा विवाह झाला, कारण जॉन यांना खाली उतरविणे शक्य नव्हते.

त्यानंतर त्यांना कळले की जॉन यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ओहायो राज्य त्यांची नोंद 'अविवाहित' अशी करील आणि हयात जोडीदाराच्या नावाची जागा रिकामी ठेवील. जॉन यांच्या घराण्याची दफनभूमीत जी जागा होती, तेथे केवळ वंशज आणि त्यांचे विवाहित जोडीदार यांनाच पुरण्याचा नियम होता. म्हणजे मृत्यूनंतरही सोबत नाकारली जाणार होती. त्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि संघीय न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला. २२ ऑक्टोबर २०१३ रोजी जॉन यांचे निधन झाले. जेम्स तेव्हा ४७ वर्षांचे होते. राज्याने अपील केले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये निकाल उलटला. अखेरीस २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने समलिंगी विवाहाचा अधिकार मान्य केला. खटला जेम्स ओबर्गफेल यांच्याच नावाने ओळखला जातो.

या खटल्याच्या मुळाशी एका विधुराची एक साधी मागणी होती : ज्याची मी सेवा केली, त्याचा मी कोण होतो, हे कागदावर लिहा. मध्यम वयातील एका शोकग्रस्त माणसाला ही मागणी घेऊन दोन वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

भारतातील मध्यम वयाची पिढी

आपल्या देशात आज मध्यम वयात असलेल्या समलिंगी पुरुषाचे आयुष्य कायद्याच्या छायेत गेले आहे. भारतीय दंडविधानातील ३७७ वे कलम ब्रिटिशांनी १८६० साली केले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध त्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे संबंध पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. ज्याचा जन्म १९७० साली झाला, तो त्या दिवशी ४८ वर्षांचा होता. म्हणजे तारुण्याचा सर्व काळ त्याने लपून काढला. लपण्याची सवय लागलेल्या माणसाला शोकही लपूनच करावा लागतो.

या पिढीतील अनेकांनी घरच्यांच्या दडपणामुळे स्त्रीशी विवाह केला. अशा संसारात त्या स्त्रीच्या वाट्यालाही मोठे दुःख आले आणि त्याची दखलही कोणी घेतली नाही. ज्यांनी विवाह केला नाही, त्यांना 'याचे कसे होणार' एवढाच प्रश्न विचारला गेला. आई-वडील वृद्ध झाल्यावर त्यांची सेवा बहुधा या अविवाहित मुलानेच केली. पुढे आई-वडील गेले, बहीणभाऊ आपापल्या संसारात गुंतले, आणि मग सहचरही गेला. तरुणांच्या मेळाव्यात त्याला आपण परके वाटतो. समवयस्कांच्या गप्पा मुलांच्या लग्नाभोवती फिरतात. मध्यम वयातील एकाकीपण असे अनेक बाजूंनी येते. दलित समाजातून आलेल्या माणसाला तर आणखी एक बाजू असते. समलिंगी मंडळींत गेल्यावर तेथेही आडनाव विचारले जाते आणि आपल्या वस्तीत आल्यावर हा दुसरा भाग झाकून ठेवावा लागतो. एका ठिकाणी जातीमुळे आणि दुसऱ्या ठिकाणी प्रेमामुळे तो अर्धाच उपस्थित असतो.

किसा गोतमी आणि दोन बाण

शोकाविषयी बोलताना आपण किसा गोतमीची कथा सांगतो. मृत बालकाला घेऊन ती तथागतांकडे आली. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे त्यांनी तिला सांगितले. ती घरोघर फिरली आणि मृत्यू सर्वत्र आहे हे तिला उमगले. या कथेचा अनित्यतेचा अर्थ आपण जाणतो. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. तथागतांनी अनित्यतेचे तत्त्व तिला बसल्या जागी ऐकविले नाही. तिला माणसांच्या दारी पाठविले. प्रत्येक दारात तिने आपले दुःख सांगितले आणि प्रत्येक घराने आपल्या मृतांविषयी तिला सांगितले. शोक हलका होण्याची क्रिया या देवाणघेवाणीत घडली.

समलिंगी शोकग्रस्ताची अडचण नेमकी येथे आहे. मृत्यू सर्वांना आहे हे त्याला ठाऊक असते. दार ठोठावून 'माझा माणूस गेला' असे म्हणण्याची मुभा मात्र त्याला नसते. त्याला अनित्यतेचा उपदेश करण्यापूर्वी आपण त्याला दार उघडले आहे काय, हे पाहावयास हवे.

संयुत्तनिकायातील सल्लत्थ सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. सामान्य माणसाला शरीराची वेदना होते आणि तिच्यावर तो मनाची वेदना ओढवून घेतो. जणू एका बाणाने विद्ध झालेल्या माणसाला दुसराही बाण लागावा. श्रुतवान आर्यश्रावकाला पहिलाच बाण लागतो. या दृष्टान्ताच्या प्रकाशात सहचराचा मृत्यू हा पहिला बाण मानता येईल. तो कोणाला चुकलेला नाही. दुसरा बाण म्हणजे लाज, अपराधाची भावना आणि 'मला रडण्याचा अधिकार नाही' हा विचार. हा दुसरा बाण त्याच्या मनातून सुटतो हे खरे, पण तो त्याच्या भात्यात समाजाने ठेवलेला असतो. म्हणून तो काढण्याचे काम एकट्या शोकग्रस्ताचे नाही; ते आपणा सर्वांचेही आहे.

शोक होणे ही साधनेतील उणीव आहे, असाही एक गैरसमज आढळतो. सारिपुत्तांच्या निर्वाणाची वार्ता चुन्द सामणेराने श्रावस्तीला आणली, तेव्हा आनंदांनी आपली स्थिती मोकळेपणाने सांगितली. अंगातील बळ गेले, दिशा सुचेनाशा झाल्या, धम्मही आठवेना. तथागतांनी त्यांची निर्भर्त्सना केली नाही. सारिपुत्ताने जाताना तुझे शील, समाधी, प्रज्ञा बरोबर नेली काय, असे विचारून त्यांनी आनंदांना स्वतःचे द्वीप होण्यास सांगितले. पुढे उक्कचेला येथे, सारिपुत्त आणि मोग्गल्लान या दोघांच्या जाण्याने ही परिषद आपल्याला रिकामी भासते, असे खुद्द तथागतांनी संघासमोर म्हटले. रिकामी जागा रिकामी आहे असे म्हणणे धम्माशी विसंगत नाही.

शीलाचा प्रश्न

काही उपासकांच्या मनात येथे शंका येईल की समलिंगी संबंध तिसऱ्या शीलाशी सुसंगत आहेत काय. या शंकेला स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. मज्झिमनिकायातील सालेय्यक सुत्तात काममिथ्याचाराचे विवरण आले आहे. माता, पिता, भाऊ, बहीण व नातलग यांच्या रक्षणाखाली असलेल्या, विवाहित, अथवा वाग्दत्त स्त्रीशी संबंध ठेवणे, असा त्याचा आशय आहे. त्यामागचे सूत्र विश्वासघात न करणे आणि दुसऱ्याला दुःख न देणे हे आहे. दोन अविवाहित प्रौढ पुरुषांचे संमतीचे व निष्ठेचे सहजीवन त्या यादीत येत नाही. विनयपिटकात 'पंडक' म्हटलेल्या व्यक्तीस उपसंपदा नाकारली आहे आणि या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु तो नियम संघप्रवेशाचा आहे, गृहस्थाच्या शीलाचा नाही. उत्तरकालीन काही भाष्यग्रंथांनी याविषयी कठोर मते मांडली आहेत हेही खरे आहे. तथापि ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, अकुशल व दुःखदायक काय ते स्वतः पारखा, ही कालाम सुत्ताची कसोटी भाष्यग्रंथांनाही लागू आहे. थेरवादी परंपरेच्या थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाची नोंदणी सुरू झाली आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक घटनाही येथे विचारात घेण्याजोगी आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरे हा वादाचा विषय होता आणि त्यांत समलिंगी संबंधांविषयीचा मजकूरही होता. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती आणि हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार त्यांनी घेतला होता. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. परंतु ज्या विषयाचा उच्चार करण्यास त्या काळचे सुधारकही धजत नव्हते, त्याकडे बाबासाहेबांनी शास्त्राच्या दृष्टीने पाहिले, हे आपण विसरता कामा नये. त्या शास्त्राचे आजचे मतही स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हीच भूमिका जाहीर केली.

सेवेतून येणारा अधिकार

आता विनयपिटकातील एका प्रसंगाकडे वळू. महावग्गाच्या चीवरक्खन्धकात एक अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून असल्याचे वर्णन आहे. तथागतांनी आनंदांच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले आणि मग संघाला सांगितले की तुम्हाला येथे सेवा करण्यास माता नाही, पिता नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? हा प्रसंग सर्वपरिचित आहे. त्याच्या लगेच पुढे येणारा नियम मात्र तितका परिचित नाही. भिक्खू मृत्यू पावल्यावर त्याच्या वस्तू संघाच्या होतात. परंतु त्याची शुश्रूषा ज्यांनी केली, त्यांचे उपकार मोठे आहेत. म्हणून त्याचे पात्र आणि तीन चीवरे संघाने शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावीत, असे तथागतांनी ठरवून दिले. सेवा करणारा सामणेर असला तरी त्याला समान वाटा द्यावा, असेही सांगितले.

येथे वारसाचा एक निराळा विचार आहे. वर्ण, कुल, वय, पद यांवर तो आधारलेला नाही. ज्याने शेवटपर्यंत हात धरला, त्याचा मृताच्या वस्तूंवर अधिकार आहे आणि त्या अधिकाराची नोंद संघाच्या साक्षीने व्हावी, असा तो विचार आहे. हीच मागणी ओहायोतील जेम्स यांनी केली होती.

आपल्या कायद्यात मात्र अद्याप या विचाराला जागा नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष मृत्यू पावल्यास प्रथम माता, पत्नी व अपत्ये, ती नसल्यास पिता, भाऊ, पुतणे असा वारसाचा क्रम लागतो. सहचर त्यात कोठेच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय संसदेकडे सोपविला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व एकमेकांना नामनिर्देशित करण्यास प्रतिबंध नसल्याचे स्पष्ट केले. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदारास मृतदेह ताब्यात घेता यावा, असेही आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळविले. नातेवाईक असल्यास काय, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून जे दोघे आज एकत्र राहत आहेत, त्यांनी हयातीतच मृत्युपत्र करावे. त्यावर करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी सक्तीची नाही, परंतु केलेली बरी. केवळ नामनिर्देशनावर विसंबू नये, कारण नामनिर्देशित व्यक्ती ही बहुतेक ठिकाणी विश्वस्तासारखी असते आणि मालकी वारसाकडे किंवा मृत्युपत्राप्रमाणे जाते. अंगुत्तरनिकायात नकुलमातेने आजारी पतीला एकेक चिंता मिटवून दिल्याचे वर्णन आहे. मागे राहणाऱ्याची व्यवस्था लागलेली पाहून जाणाऱ्याचे मन शांत होते. मृत्युपत्र हे त्याच मैत्रीचे आजचे रूप होय.

'मैत्री' नावाचे एक घर

संघाने हे कार्य कसे करावे, याचा एक दाखला सॅन फ्रान्सिस्को येथे मिळतो. १९८१ पासून अमेरिकेत एड्सच्या साथीने समलिंगी पुरुष मोठ्या संख्येने मरू लागले. अनेकांना घरच्यांनी टाकले होते. त्या शहरातील हार्टफर्ड स्ट्रीट झेन केंद्राचे प्रमुख इसान डॉर्सी हे स्वतः समलिंगी होते. १९८७ साली त्यांनी एका निराधार रुग्णाला केंद्रातच आश्रय दिला आणि त्यातून मरणोन्मुखांसाठी शुश्रूषागृह उभे राहिले. त्याला नाव दिले 'मैत्री'. डॉर्सी यांचेही १९९० साली त्याच आजाराने निधन झाले. धम्मातील एक शब्द परदेशात एका घराच्या दारावर लागला आणि ज्यांना कोणी नव्हते त्यांना तेथे माणसे मिळाली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेच्याही पुढे जाणाऱ्या, सर्व प्राणिमात्रांना कवेत घेणाऱ्या मैत्रीचा जो आग्रह धरला आहे, त्याचेच हे आचरण आहे.

शोकग्रस्ताने काय करावे

प्रथम, एका तरी माणसाला सत्य सांगावे. तो भाऊ असेल, जुना मित्र असेल, किंवा विश्वासातील भन्ते असतील. कल्याणमित्रता हे संपूर्ण ब्रह्मचर्य होय, असे तथागतांनी आनंदांना सांगितले आहे. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट यांनी या क्षेत्रात काम केले आहे. अशा ठिकाणी आपल्या अनुभवाचा माणूस भेटू शकतो.

दुसरे, शोकाला पायऱ्यांचा ठरावीक क्रम नसतो. एके दिवशी काम सुरळीत होते, दुसऱ्या दिवशी कपाटातील सदरा पाहून बांध फुटतो. वेदनानुपस्सनेचा अभ्यास येथे उपयोगी पडतो. लाट आली की तिला 'दुःखद वेदना' म्हणून जाणावे, श्वासाकडे पाहावे आणि ती ओसरताना पाहावी. पाचव्या शीलाचे महत्त्व अशा काळात विशेष आहे, कारण मद्याने शोक पुढे ढकलला जातो आणि वाढून परत येतो.

तिसरे, मैत्रीभावना करताना आरंभ स्वतःपासून करावा. विसुद्धिमग्गात बुद्धघोषांनी मृत व्यक्तीला मैत्रीभावनेचा विषय करू नये असे सांगितले आहे. तेथे चित्त स्थिर होत नाही. मृताविषयीच्या कृतज्ञतेला दुसरी वाट द्यावी. त्याच्या स्मृतिदिनी विद्यार्थ्याला पुस्तके देणे, रुग्णाची सेवा करणे, वृक्ष लावणे अशा स्मरणार्थ दानातून ती व्यक्त होते आणि दाता पुन्हा माणसांत येतो.

चौथे, सहा महिने ते वर्ष उलटूनही दुःखाची तीव्रता तशीच राहिली, दैनंदिन व्यवहार अशक्य झाले, किंवा जीव देण्याचे विचार येऊ लागले, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. 'तुमचा कल बदलून देतो' असे म्हणणाऱ्या डॉक्टरापासून मात्र दूर राहावे. असे उपचार करणे हे २०२२ पासून डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरले आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार लैंगिक कलावरून उपचारात भेद करता येत नाही.

विहाराचे कर्तव्य

आपण ज्या समाजातून आलो, त्याला शतकानुशतके पाणवठ्यापासून आणि देवळापासून दूर ठेवले गेले. दाराबाहेर उभे राहण्याचा अर्थ आपल्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. म्हणूनच विहाराचे दार कोणाला बंद असता कामा नये, हे आपण इतरांपेक्षा अधिक समजू शकतो.

विहारांना यासाठी फार मोठी योजना आखावी लागणार नाही. पुण्यानुमोदनाच्या वेळी बौद्धाचार्यांनी घरच्या मंडळींशी आधी बोलावे आणि ज्याने अखेरपर्यंत सेवा केली त्याला पुढच्या रांगेत बसवावे. त्याची इच्छा असल्यास आदरांजलीचे दोन शब्द त्यालाही बोलू द्यावेत. 'शोकाकुल' या शब्दाखाली त्याचे नाव यावे. त्याची खाजगी गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करू नये. पुण्यानुमोदन झाल्यावर गर्दी पांगते. त्यानंतरच्या पौर्णिमेला कोणीतरी त्याच्या घरी जावे आणि विहारात येताना त्याला बरोबर आणावे. तो जेव्हा आपल्या माणसाविषयी बोलू लागेल, तेव्हा विषय न बदलता ऐकावे. किसा गोतमीला श्रावस्तीच्या घरांनी एवढेच दिले होते आणि तेवढे तिला पुरले.